अर्ज तोच, आडनाव वेगळे



माजिवड्याच्या नाक्यावर मुंबई-आग्रा रस्ता आणि घोडबंदर रस्ता एकमेकांस मिळतात. एके काळी या बाजूस कारखान्यांची वस्ती होती. आज तेथे मनोरे, मॉल आणि काचेची कार्यालये उभी आहेत. आपल्यापैकी पुष्कळांचे वडील किंवा आजोबा कारखान्याच्या दारातून आत शिरले ते कोणा मामाच्या, मेहुण्याच्या ओळखीने. त्यांचीच मुले-मुली आज पदविका, पदवी हाती घेऊन काचेच्या दाराशी उभी आहेत. तेथे मामा नाही. तेथे अर्ज आहे, आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत नाव आहे.

अशा घरात एक वाद हमखास होतो. मुलाने वीस ठिकाणी अर्ज केले. एकाही ठिकाणाहून बोलावणे नाही. वडील म्हणतात, "तुझ्यातच काही कमी असेल. इंग्रजी सुधार." आई म्हणते, "त्याच्यात काही कमी नाही. आडनाव वाचतात आणि कागद बाजूला सारतात." मुलगा गप्प बसतो.

यांत खरे कोणाचे? घरात बसून हे ठरवता येणार नाही. ज्याने कागद बाजूला सारला त्याच्या मनात काय होते हे आपणास ठाऊक नाही, आणि विचारले तर तो खरे सांगेल असेही नाही. शिवाय वीस अर्ज ही फार थोडी संख्या आहे. त्याच जागेसाठी आणखी कोणी किती अर्ज केले, त्यांची पात्रता काय होती, हेही आपणास कळत नाही. म्हणून वडिलांचे मत हे वडिलांचे मत राहते आणि आईचे आईचे. मुलाच्या मनात मात्र वडिलांचे वाक्य घर करून बसते. गेल्या काही वर्षांत समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या अभ्यासकांनी हाच प्रश्न हाती घेतला आहे. त्यांनी काय केले, त्यातून काय दिसले आणि काय दिसले नाही, हे या पाठात आपण पाहू.

प्रथम पद्धत समजून घेऊ, कारण पद्धत समजली नाही तर आकडे पाठ करण्यात काही अर्थ नाही. घरी दोन कुंड्या घ्या. माती तीच, बी तेच, पाणी तितकेच. एक कुंडी उन्हात ठेवा, दुसरी सावलीत. महिन्याने रोपांत फरक पडला तर तो उन्हाचा, असे म्हणता येते. कारण बाकी सर्व काही सारखे होते. माणसांच्या बाबतीत असे करणे कठीण असते, कारण दोन माणसे सर्व बाबतींत सारखी नसतातच. पण दोन अर्ज सारखे करता येतात. कागदावर शिक्षण तेच, गुण तेच, अनुभव तोच ठेवायचा आणि फक्त नाव बदलायचे.

अशी मोजणी अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक पॉल अॅटवेल यांनी केली. डॉ. थोरात हे अमरावती जिल्ह्यातले. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांचे काम चालले होते. इंग्रजी वृत्तपत्रांत खाजगी कंपन्यांच्या ज्या जाहिराती येत त्यांतील नुकत्याच पदवीधर झालेल्या उमेदवारांना योग्य अशा ५४८ जाहिराती त्यांनी निवडल्या आणि त्यांना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. अर्ज जोडीजोडीने सारखे. फरक एवढाच की एका अर्जावर सहज ओळखू येणारे उच्चवर्णीय हिंदू नाव, दुसऱ्यावर दलित आडनाव, तिसऱ्यावर मुस्लीम नाव. मग कोणाला बोलावणे येते ते टिपून ठेवायचे, एवढेच.

हा अभ्यास २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा: उच्चवर्णीय नावाच्या अर्जाला पुढची पायरी चढण्याचा जो संभव होता तो १०० धरला, तर तेवढ्याच पात्रतेच्या दलित नावाच्या अर्जाचा संभव सुमारे ६७ भरला आणि मुस्लीम नावाचा सुमारे ३३. लक्षात घ्या, येथे उमेदवार समोर बसलेला नाही. त्याचे इंग्रजी कोणी ऐकले नाही, कपडे पाहिले नाहीत, वर्ण पाहिला नाही. मुळात तो उमेदवार अस्तित्वातच नाही! तरीही फरक पडला, तेव्हा तो नावानेच पडला.

म्हणजे आईचे म्हणणे निराधार नव्हते. पण म्हणून आईचेच सर्वस्वी खरे, असे म्हणून पाठ मिटवू नका. दुसरा एक अभ्यास वेगळे सांगतो आणि तोही तितकाच नीट वाचला पाहिजे. अभिजित बॅनर्जी (२०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले तेच), मारिअन बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी दिल्ली व आसपासच्या ३७१ जागांसाठी ३,१६० काल्पनिक अर्ज पाठवले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जागा दोन प्रकारच्या होत्या: संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या, आणि फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्या कॉल सेंटरच्या. पहिल्या प्रकारात जातीवरून भेदभाव झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कॉल सेंटरच्या जागांत मात्र फरक दिसला. तो इतर मागासवर्गीय नावांच्या बाबतीत अधिक होता, अनुसूचित जातींच्या नावांच्या बाबतीत त्याहून कमी.

हे असे का व्हावे? जेथे काम येते की नाही हे चटकन तपासता येते, तेथे मालकाला नावाचा आधार घेण्याची गरज कमी भासत असावी. जेथे "बोलण्याची ढब", "घरचे वळण" अशा धूसर गोष्टी पाहिल्या जातात तेथे नावाला वाव मिळत असावा. मला हे पटते. पण तो एक तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीकडील कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा ही मंडळी एकमुखाने म्हणत होती की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. पण त्याच बोलण्यात "कौटुंबिक पार्श्वभूमी" पाहतो असेही येत होते. वडील काय करतात, घरात कोण शिकलेले आहे, वाढलास कोठे? माजिवड्याच्या ज्या मुलामुलींनी मुलाखती दिल्या आहेत त्यांना हे प्रश्न ओळखीचे वाटतील. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात आकस असेलच असे नाही. परंतु ज्याच्या आजोबांना शाळेत वेगळे बसवले गेले त्याची पार्श्वभूमी आणि ज्याचे आजोबा वकील होते त्याची पार्श्वभूमी एका मापाने मोजणे, याला गुणवत्ता म्हणता येईल काय?

येथे महाराष्ट्राची एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्याकडे जाधव, गायकवाड, पवार, शिंदे, मोरे ही आडनावे मराठ्यांतही आहेत आणि बौद्धांतही. नुसत्या आडनावावरून येथे सर्व काही कळत नाही. मुलांची नावे म्हणावीत, तर सिद्धार्थ आणि राहुल ही नावे आता सर्वांनीच उचलली आहेत! (तक्रार नव्हे; चांगलेच आहे.) म्हणून येथे नावानंतर दुसरा प्रश्न येतो, "मूळ गाव कोणते?", आणि तिसरा, "तिकडे घर कोठल्या बाजूला?" भाड्याने खोली पाहायला गेलेल्यास चौथाही विचारतात, "व्हेज की नॉनव्हेज?" ठाण्यात अशा अर्जांची चाचणी घ्यायची तर अभ्यासकांना आडनावे फार विचाराने निवडावी लागतील. घराच्या बाबतीत एवढे नक्की ज्ञात आहे की दिल्ली व तिच्या शेजारच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी डॉ. थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच चाचणी घेतली (ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली) आणि तेथेही दलित व मुस्लीम नावांना नकार अधिक मिळाला. तसेच त्रिना विठयथिल व गायत्री सिंग यांनी २००१ च्या जनगणनेतील वॉर्डवार आकडे घेऊन मुंबईसह देशातील सात मोठ्या शहरांचा अभ्यास केला. २०१२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की या शहरांत श्रीमंत-गरीब जितके वेगळे राहतात त्याहून अधिक वेगळे जातीजातीचे लोक राहतात. शहरात आले की जात विरघळते, असे आपण धरून चालतो. मोजल्यावर तसे दिसले नाही.

आडनाव बदलावे काय, हा प्रश्न अभ्यासवर्गात नेहमी येतो. कोणी बदलले तर त्याला भित्रा म्हणू नये. पोटाचा प्रश्न आहे. पण वरील अभ्यासांचे उत्तर नीट पाहिले तर दोष नावात नसून वाचणाऱ्याच्या नजरेत आहे. नाव झाकून एक अर्ज पुढे सरकेल. ती नजर तशीच राहील आणि पुढच्या उमेदवाराची वाट पाहील.

आता वडिलांकडे वळू. त्यांनी इंग्रजीचे नाव काढले होते. त्यांच्या या बोलण्याला आधार देणारा एक अभ्यास आपल्याच भागातला आहे, मुंबईतल्या दादरचा. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी २००१-०२ मध्ये दादरमधील २८ शाळांत शिकलेल्या मुलांच्या सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांची पाहणी केली. ही मुले मागील वीस वर्षांत शाळेत दाखल झालेली होती. कोणत्या जातीच्या कोणत्या मुलाला मराठी माध्यमात घातले आणि कोणाला इंग्रजी, हे त्यांना पाहायचे होते. २००६ मध्ये त्यांचा लेख अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात आला.

या अभ्यासाची पार्श्वभूमी आपल्या आजोबांना पाठ होती. गिरणीत, गोदीत, कारखान्यात काम लागायचे ते जॉबरच्या, भावकीच्या, गाववाल्याच्या शब्दावर. एक जण आत गेला की तो दुसऱ्याला ओढत असे. वाईट दिवसांत या ओळखीने कित्येक चुली पेटत्या ठेवल्या, हे विसरू नये. पण १९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले, कचेरीतील व सेवाक्षेत्रातील नोकऱ्या वाढल्या आणि इंग्रजी जाणणाऱ्याच्या पगारात मोठा फरक पडू लागला. तेव्हा काय झाले? वरच्या जातींतील मुले व मुली दोघेही इंग्रजी माध्यमाकडे वळली. कष्टकरी जातींतील मुलगे मात्र मोठ्या प्रमाणात मराठी माध्यमातच राहिले. कारण मामाचा कारखाना होता ना! मुलगा तिकडेच जाणार, मग इंग्रजीवर पैसे कशाला घालवायचे?

आणि मुली? येथेच या अभ्यासाचे खरे मोल आहे. त्याच कष्टकरी जातींतील मुलींचे पाऊल त्यांच्या भावांपेक्षा पुढे पडले. कारखान्याच्या ओळखीच्या जाळ्यात मुलींना जागा नव्हती. कोणी मामा भाचीला गिरणीत लावणार नव्हता. त्यामुळे तिला त्या जाळ्याचा फायदा नव्हता, तसा त्याचा पायगुंताही नव्हता. ती इंग्रजी माध्यमात गेली आणि वरच्या जातींच्या मुलींशी असलेले अंतर तिने पुष्कळच कमी केले. भाऊ मात्र मामाची वाट पाहत राहिला, आणि मामाच्या गिरणीला टाळे लागले.

मराठी शाळा वाईट, असा याचा अर्थ काढू नका. मातृभाषेत शिकलेले मूल विषय लवकर समजते, आणि डॉ. थोरातांसारखे विद्वान कोणत्या शाळांतून वर आले हे आपणास ठाऊक आहे. माझ्या मते प्रश्न इतकाच आहे की आपण मुलासाठी जो निर्णय घेतो तो पुढचे जग पाहून घेतो, की मागच्या पिढीची सोय पाहून? माजिवड्यातील किती घरांत मुलाच्या शिकवणीला पैसे निघतात आणि मुलीला "घरकाम शीक" असे सांगितले जाते? बाहेरच्या दारावरील अडसर आपण आज काढू शकत नाही. घरातला काढू शकतो.

मुलगा गप्प बसला होता, हे आरंभी सांगितले. त्याच्याविषयीही एक प्रयोग आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीची ६४२ मुले निवडली. निम्मी वरच्या मानलेल्या जातींची, निम्मी अस्पृश्य मानलेल्या जातीची. सर्वांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली आणि जितकी सुटतील तितके पैसे मिळतील असे सांगितले. ज्या गटांत कोणाची जात उच्चारली नाही तेथे दोन्ही प्रकारच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. ज्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, तेथे अस्पृश्य मानलेल्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुले तशीच, कोडी तीच. बदलले ते इतकेच की चारचौघांत जात पुकारली गेली. आपल्याला येथे न्याय मिळेल हा भरवसा मुलांच्या मनातून गेला असावा, असे एक कारण संशोधकांनी सुचवले आहे.

वर्गात शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी "एससीची मुले उभी राहा" असे सांगणाऱ्या शिक्षकाच्या मनात काही वाईट नसेल. पण या प्रयोगाची माहिती त्याला कोणीतरी दिली पाहिजे. यादी कागदावरही करता येते. पालक-सभेत हा मुद्दा शांतपणे मांडावा.

शिक्षकांवरून आठवले. रेमा हाना आणि ली लिंडन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भारतातील शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर मुलाची जात मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटेल ती लिहिली होती. "खालची" जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता. पण तो देणाऱ्यांत वरच्या जातींच्या शिक्षकांपेक्षा खालच्या मानलेल्या जातींचेच शिक्षक पुढे होते. हे वाचून कोणास राग येईल. मला वाटते, राग येण्यापेक्षा आपण जरा थांबावे. शतकानुशतके ज्याला कमी लेखले गेले, तो आपल्यासारख्या दुसऱ्यालाही कमी लेखायला शिकतो. २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीच्या उगमावर निबंध वाचला, तेव्हा त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला होता. त्या काळी ते ताजे संशोधन होते. जातीबाहेर लग्न न करणे हा जातीचा गाभा आहे, आणि वरच्यांचे पाहून खालच्यांनीही तीच दारे लावून घेतली, असे त्यांनी मांडले.

ती दारे आज कितपत उघडली? दिल्लीची राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी २०११-१२ मध्ये देशभरातील ४२,००० हून अधिक कुटुंबांची पाहणी केली. आंतरजातीय विवाह शंभरात सुमारे पाच निघाले. आपल्या घरी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळली जाते, असे शंभरात २७ कुटुंबांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले. जे कबूल करणार नाहीत ते या २७ मध्ये नाहीत, हे ध्यानात ठेवा. नावे बदलून अर्ज पाठवण्याची युक्ती काढावी लागते ती याचसाठी. आणि विवाहाच्या बाबतीत आपणही आरशात पाहावे. वधू-वर सूचक यादीत "बौद्ध" असे लिहून पुढे कंसात जुनी जात लिहिणारे आपल्यातही आहेत. धर्मांतर केले आणि कंस ठेवला!

आता एक सावधगिरीची सूचना. संशोधन हे नवे वेद नव्हेत. २०१५ मध्ये पुष्कळ देशांतील मानसशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन आधी प्रसिद्ध झालेले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ लेखांपैकी ९७ टक्क्यांत ठाम निष्कर्ष निघाला होता. फेरतपासणीत तो सुमारे ३६ टक्क्यांतच निघाला. म्हणून कोड्यांच्या प्रयोगासारखा एखादा प्रयोग कितीही पटला तरी तो एकाच ठिकाणचा आहे, हे मनात असू द्यावे. नोकरीच्या अर्जांबाबतही दोन अभ्यासांत एकमत नव्हते, हे आपण पाहिलेच. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना दिलेला उपदेश विद्यापीठाच्या शिक्क्यालाही लागू आहे.

ही सावधगिरी आपल्याला गोड वाटणाऱ्या आकड्यांनाही लावली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध मोजले गेले. त्यांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात. बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के, देशाची ७२.९८. बौद्ध स्त्रियांची ७४.०४, देशातील सर्व स्त्रियांची ६४.६३. भाषणांत हे आकडे नेहमी येतात आणि पुढे वाक्य येते, "पाहा, धर्मांतराने काय केले!" आनंद जरूर व्हावा. पण कुंड्यांची गोष्ट आठवा. बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रात राहतात आणि महाराष्ट्राची एकूण साक्षरताच ८२.३४ टक्के होती. तेव्हा बौद्धांची तुलना बिहार-राजस्थान धरून काढलेल्या सरासरीशी करणे म्हणजे उन्हातली कुंडी सावलीतल्या कुंडीशेजारी मांडणे होय. राज्याच्या आकड्याशेजारी ठेवले तर बौद्ध फार पुढे नाहीत. बरोबरीच्या आसपास आहेत. आणि माझ्या मते हीच अधिक मोठी गोष्ट आहे. ज्यांना दोन-तीन पिढ्यांपूर्वी अक्षर शिकू दिले जात नव्हते ते राज्याच्या बरोबरीला आले. यात धर्मांतराचा वाटा किती आणि शिक्षणाच्या चळवळीचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. दीक्षा त्यानंतर दहा वर्षांनी झाली.

आकडा दारात तयार होतो, हेही लक्षात असू द्या. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने येत्या जनगणनेत सर्वांची जात नोंदवण्याचे जाहीर केले. १९३१ नंतर प्रथमच. तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा ठरवण्यात आला. प्रगणक विचारील तेव्हा धर्म हा एक प्रश्न आणि जात हा दुसरा, हे घरातील सर्वांना, विशेषतः दुपारी घरी असणाऱ्या आजीला आणि सुनेला, आधी समजावून सांगावे. धर्म "बौद्ध" सांगितल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातात, ही भीती जुनी आहे. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रानेही बौद्धांना अनुसूचित जातींत मान्यता दिली आहे. भीतीपोटी भलतेच उत्तर दिले तर पुढची दहा वर्षे संशोधक आपल्याविषयी भलताच आकडा वाचतील.

पुढील वर्गापर्यंत एक काम करावे. ज्या घरात कोणी नोकरी किंवा भाड्याची खोली शोधत आहे त्या घराने एक वही घालावी. तारीख, जागा, अर्ज कसा केला, काय विचारले, उत्तर आले की नाही, किती दिवसांनी. खोटे अर्ज करू नयेत. आपले खरे अर्जच टिपावेत. राग आला तर तो वेगळ्या पानावर लिहावा. वर्गातील दहा-बारा वह्या एकत्र वाचल्या की कोणत्या प्रश्नावर बोलणी थांबते ते दिसू लागेल. त्याने काही सिद्ध होणार नाही. पण आई आणि वडील दोघांनाही वादाऐवजी बोलण्यासाठी काहीतरी हाती येईल. मुलींची वही वेगळी घालावी.

वही वाचताना या प्रश्नांवर विचार करून यावे. थोरातांच्या अभ्यासात आणि बॅनर्जींच्या अभ्यासात निष्कर्ष वेगळा का आला असेल; जागांच्या प्रकारामुळे, शहरामुळे, की निवडलेल्या नावांमुळे? दादरच्या मुली पुढे गेल्या त्या कोणत्या अर्थाने, आणि लग्नानंतर त्यांच्या त्या शिक्षणाचे काय झाले असेल? आपल्या घरात मुलाच्या आणि मुलीच्या शिक्षणावर गेल्या वर्षी किती खर्च झाला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने नको. हिशेब करून आणावे.